दुसरं पान

पेंडसेनगर, डोंबिवली पूर्व
९ नोव्हेंबर २०२२

प्रिय शेवंती,

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. कान आता अगदीच गेले, फोन लावला की नुसता वारा ऐकू येतो, असं तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू? त्यातही थोडा स्वार्थी आनंद झाला. आता आपल्याला पत्रंच लिहावी लागणार. सिस्टर अगाथा म्हणायच्या ना, पत्र लिहिताना पाठ ताठ हवी, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, आणि नवा विषय म्हणजे नवा कागद. मी आत्ता ताठ बसले आहे. पाठ मात्र आठवीतली राहिलेली नाही.

तर आता नवा विषय, पण कागद हाच. सिस्टर बघत असतील तर रागावू देत.

माझा भाचा मुकुल तुला आठवत असेल. भाईंचा धाकटा. माझ्या साठीला आला होता, सगळ्यांना सापांचे फोटो दाखवून त्याने जेवणाची वाट लावली होती. तो आणि त्याच्यासारखे चार-पाच जण मिळून एक संस्था चालवतात. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर ऑफिस आहे. जंगली जनावरांची पाहणी करतात. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याने एक नवा रस्ता निघणार आहे, आणि तो आपल्या गोड्या ओहळाला आडवा जातो. हो, तोच. सिस्टरनी आपल्याला आठवीत नेलं होतं तो. तू दगडावरून घसरलीस आणि परकर भिजला म्हणून सगळी शाळा हसली, आणि तू पाण्यातून वर आलीस ती मुठीत मुठा घेऊन. त्या बिचाऱ्या खेकड्याला तू सिस्टरच्या हातावर ठेवलंस. त्यांची किंकाळी मला अजून ऐकू येते.

मुकुल म्हणतो, रस्ता थांबवायचा किंवा वळवायचा तर तिथे बिबट्या आहे हे सिद्ध करावं लागेल. मी विचारलं, "अरे, बाकीचं काय? मासे, बेडूक, पक्षी?" तर म्हणाला, "आत्या, बेडकासाठी कुणी फाइल उघडत नाही. बिबट्या वाचवला की त्याच्याखालचं सगळं आपोआप वाचतं. तो छत्रीसारखा असतो, त्याच्याखाली सगळे उभे." मला ते पटलं. छत्री म्हटलं की मला आपल्या दोघींची एक छत्री आठवते, तुझा डावा खांदा आणि माझा उजवा कायम ओला.

तुम्ही लोक ओहळाच्या मुखाशी राहता. तुम्हाला जे दिसतं ते त्याच्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. तिथे कधी बिबट्या पाहिला आहेस का? लिही. जुन्या रहिवाशाची साक्ष म्हणून तो तुझं पत्र फाइलीत लावणार आहे.

तुझी,
सुहासिनी

ता. क. आपली निसर्गवही माझ्याकडे अजून आहे. त्या दिवशीची एकतीस नावं, सगळी तू सांगितलेली आणि मी लिहिलेली. ज्यांना इंग्रजी नाव सापडलं नाही त्यांच्यापुढे सिस्टरनी लाल शाईने 'नॉट नोन' लिहिलं आहे. तशी एकोणीस आहेत.


कोळीवाडा, बाळकुम
२० नोव्हेंबर २०२२

प्रिय सुहास,

नियमाप्रमाणे एकाच बाजूला लिहिते आहे. हे पहिलं पान तुझ्या भाच्याचं.

बिबळ्या आहे. मी स्वतः तीनदा पाहिला. पहिल्यांदा चार वर्षांपूर्वी, उजाडताना. मी भरती बघायला मुखाशी गेले होते, तर तो पलीकडच्या काठाला बसून पंजा चाटत होता, आपली मांजर चाटते तसा. मी त्याला म्हटलं, "बाबा, तुझी अंघोळ होऊ दे, मी मागून येते." आणि मागच्या मागे घरी आले. कान तेव्हा बरे होते, पण त्याच्या चालण्याचा आवाज काही आला नाही. नंतर दोनदा संध्याकाळी पाहिला. ओहळाच्या पात्रातूनच उतरतो, दगडादगडावरून. वरच्या पाड्यातल्या लोकांनी मादीही पाहिली आहे. आमचा पोरगा जयेश म्हणतो दोन आहेत. मी शपथेवर सांगते, एक तरी आहे.

कशासाठी येतो तेही मुकुलला सांग. नवीन टॉवरांच्या मागे कचऱ्याचा ढीग आहे, तिथे कुत्री जमतात. त्याला ओहळाचं काही पडलेलं नाही गं, त्याला कुत्रा पाहिजे. उद्या ओहळाच्या जागी सिमेंटची गल्ली केली तरी तो त्या गल्लीतून येईल. हे त्याने नीट समजून घ्यावं.

शेवंती

(दुसरं पान)

आता हा नवा विषय म्हणून नवा कागद. हे पानही त्याला दे, सुहास. पहिल्याहून हे जास्त महत्त्वाचं आहे.

ओहळात अजून मुठे आहेत. पूर्वीएवढे नाहीत. दगडाला चिकटून राहणारा तो बोटाएवढा मासा आहे, ज्याला सिस्टरकडे नाव नव्हतं. मरळ आहे, वाम आहे, गोड्या पाण्यातले झिंगे आहेत. आणि मुखाशी चिखलात निवट्या आहेत, चिखलावर सरपटणारे ते मासे, अजून उड्या मारतात. पण खरी गोष्ट जिताड्याची आहे. जिताडा मोठा होतो खाडीत, पण त्याची पिल्लं पावसात गोडं पाणी शोधत ओहळात चढतात. समुद्राच्या बाजूने येतात, बोटाच्या पेराएवढी, आणि गोड्या पाण्याचा वास लागला की वर वळतात. वास कसा लागतो ते देव जाणे. माझे सासरे दाजी म्हणायचे, ओहळ त्यांना हाक मारतो.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, ती तुला कधी सांगितली नसेन. मुखाशी आमच्या घराचा खुंट आहे, ज्याला जाळं बांधतात तो. आषाढ लागला की त्या खुंटाला लाल फडकं बांधायचं. फडकं आहे तोवर मुखाशी कुणी जाळं टाकत नाही, आमचं नाही की दुसऱ्या घराचं नाही. नारळी पुनवेला सोडायचं. दाजी गेल्यावर ते मी बांधते. चव्वेचाळीस घरांपैकी आता सात घरं खाडीत जातात, पण फडक्याचा मान सगळे ठेवतात. ते फडकं माझ्या लग्नातल्या लुगड्याच्या काठाचं आहे.

रस्त्याच्या कागदात ओहळावर पूल दाखवला आहे, तो मी बघितला. पूल होऊ दे. पाणी खालून वाहत राहिलं म्हणजे झालं. मुकुलला एवढंच लिहायला सांग, की पाणी अडवू नका, आणि वळवू नका. बाकी तो बिबळ्याचं काय करायचं ते करो.

तुझी छत्रीची गोष्ट वाचली. हसू आलं. मासा छत्रीखाली उभा राहून काय करील गं?

शेवंती


पेंडसेनगर, डोंबिवली
४ जानेवारी २०२३

प्रिय शेवंती,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुझं पत्र मुकुलच्या फाइलीत गेलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आत्या, ही बाई लेखिका का झाली नाही?" मी म्हटलं, ती झाली असती, पण अकरावीनंतर तिला बोहल्यावर चढवलं.

पंजा चाटणारा बिबट्या सगळ्या ऑफिसला आवडला. एका मुलीने त्याचं चित्र काढून भिंतीवर लावलंय. मग त्यांनी तू सांगितलेल्या जागी दोन कॅमेरे बांधले, आणि अकराव्या दिवशी तो आला! मुकुलने फोटो पाठवला तेव्हा मी भाजी चिरत होते. हातातली सुरी खाली ठेवली आणि बघतच राहिले. काय देखणं जनावर आहे गं. डोळे असे, की आपण त्याचे अपराधी आहोत. हे असते तर फ्रेम करून लावला असता. यांना जाऊन मार्चमध्ये सहा वर्षं होतील, आणि अजून कुठलीही चांगली गोष्ट बघितली की मी आधी त्यांच्या खुर्चीकडे बघते.

मला वाटतं, आपला ओहळ वाचला. माझ्या आयुष्यात मी फार काही केलं नाही, शेवंती. तेहेतीस वर्षं बँकेत सह्या पडताळल्या. ही एक गोष्ट माझ्या हातून बरी झाली असं वाटतंय, आणि ती तुझ्यामुळे.

सुनावणी मार्चमध्ये ठाण्याला आहे. मला गुडघ्यांमुळे जमणार नाही. तू जा. गावातर्फे कुणीतरी हवंच.

तुझी,
सुहासिनी


बाळकुम
१६ मार्च २०२३

सुहास,

गेले होते. जयेशने नेलं. मोठा हॉल होता, पंखे होते, ऐकू मला काही आलं नाही. पुढे बसून मी सगळ्यांची तोंडं बघत होते. मग पडद्यावर बिबळ्या आला. एवढा मोठा, की त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही वाजवल्या. तुझा मुकुल छान बोलला असणार, हात खूप हलवत होता. भाईंसारखाच नाकाने हसतो.

मग एका साहेबाने काहीतरी विचारलं आणि मुकुलने मान हलवली. जयेशला विचारलं, काय विचारलं रे? तो कानाला तोंड लावून म्हणाला, "पाण्यात आजून काय हाय काय, असा इचारला. मुकुलभाऊ बोलला, नोंद नाय."

नोंद नाही असं का म्हणाला? मी तर लिहिलं होतं. जयेशने नीट ऐकलं नसेल असं मी धरून चालले आहे. त्याचंही लक्ष पडद्याकडेच होतं. माझं लाल फडकं फाइलीत आलं आहे का, तेवढं विचारून मला कळव.

मासळी बरी आहे. तुला बोंबील नाही, कोलीम पाठवते. डबा परत पाठव, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

शेवंती


पेंडसेनगर, डोंबिवली
२ जून २०२३

प्रिय शेवंती,

उत्तराला फार उशीर झाला. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग क्षिप्रा बाळाला घेऊन माहेरपणाला आली होती, आणि माझ्याकडून आळसही झाला. कोलीम उत्तम होतं. डबे पाठवते.

आनंदाची बातमी. निकाल लागला. रस्ता रद्द झाला नाही, पण बिबट्यासाठी खास मार्ग ठेवायचा असं ठरलं आहे! रस्त्याच्या खालून, ओहळाच्या पात्रातूनच, चांगला रुंद. मुकुल म्हणतो आपल्या भागात असं पहिल्यांदाच होतंय, बाहेरून लोक बघायला येतील. दोन्ही बाजूंना उंच भिंती, म्हणजे गाड्यांचा उजेड आत येणार नाही. वर बांबू आणि करंज लावणार. जनावराला पाय ओला करायला आवडत नाही म्हणून तळ सपाट आणि कोरडा. पाण्याची सोय बाजूने वेगळी केली आहे म्हणे.

माझ्या डोळ्यांपुढे सारखं येतं, तो त्या बांबूखालून शांतपणे चालला आहे. तुझ्या त्या पहिल्या पहाटेसारखा.

फाइलीचं मी मुकुलला विचारते. तो सध्या फार कामात असतो.

आषाढ जवळ आला. फडकं बांधलंस की मला कळव. मला ते ऐकून फार आवडलं होतं.

तुझी,
सुहासिनी


कोळीवाडा, बाळकुम
११ सप्टेंबर २०२४

सुहास,

दीड वर्षात मी लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं आली, ती वाचली. रागावले नव्हते. काय लिहायचं ते कळत नव्हतं.

तुझ्या 'पाण्याची सोय वेगळी' ह्याचा अर्थ मला मागच्या पावसाळ्यात कळला नाही. काम अर्धं होतं, पाणी गढूळ होतं, पिल्लं कमी आली, म्हटलं पुढल्या वर्षी नीट होईल. यंदा आषाढ लागला तसं फडकं बांधलं. पाऊस धो धो पडत होता आणि मुखाशी पाणी येत नव्हतं. असं मी जन्मात बघितलं नव्हतं, सुहास. वरून पाऊस, समोर भरतीचं खारं पाणी, आणि ओहळाच्या तोंडात काही नाही. जसं माणूस बोलायला तोंड उघडतं आणि आवाज येत नाही. माझ्या कानांमुळे मला ते रोजचं झालं आहे, पण पाण्याचं तसं होईल असं वाटलं नव्हतं.

मी वर चालत गेले. जयेश नको म्हणत होता. रस्त्याच्या खाली तुझा मार्ग बघितला. भिंती आहेत, बांबू आहेत. तळ सिमेंटचा, झाडून काढल्यासारखा. ओहळाचं पाणी वरच्या अंगाला एका मोठ्या पाइपात घेतलंय आणि पलीकडच्या टॉवरांच्या गटारात सोडलंय. ते दुसरीकडूनच खाडीला मिळतं, सांडपाण्यात मिसळून, काळं होऊन. दगड काढून नेले आहेत. ज्यावरून मी घसरले होते तोही.

पूल झाला असता तर पाणी खालून गेलं असतं. मी लिहिलं होतं ना, पूल होऊ दे. बिबळ्यासाठी त्यांनी पूल काढून कोरडी वाट केली.

मुठा एकही दिसला नाही. पावसाळ्यात, सुहास. मी एक तास बसले. निवट्या पहिल्या महिन्यात मुखाशी होत्या, मग चिखल आंबला आणि त्या गेल्या. जिताड्याची पिल्लं आली की नाही मला माहीत नाही. आली असतील तर भरतीबरोबर आली, वास लागला नाही, परत गेली. नारळी पुनवेपर्यंत फडकं बांधून ठेवलं. कुणी जाळं टाकलं नाही. टाकलं असतं तरी काही आलं नसतं, पण टाकलं नाही. मग मी जाऊन सोडलं. बाजूच्या घरातल्या शांताबाई काठावर उभ्या होत्या, काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही आणि मी परत विचारलंही नाही.

अजून एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, ती सांगते. जयेशने मागच्या दिवाळीला होडी काढून टाकली. त्याला त्या मार्गावर राखणदार ठेवला आहे. हिरवं जाकीट दिलंय, पाठीवर बिबळ्याचं तोंड. खूश आहे. रोज घरी येऊन मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरतो. "आये, बघ ना, कवरा मोठा हाय!" बघते मी. मोठा आहे. तुला सांगायची लाज वाटली, कारण वाटलं तू म्हणशील, बघ, जयेशचं भलं झालं.

आता मी एक विचारते, आणि तू ताठ बसून उत्तर दे. माझं दुसरं पान तू मुकुलला दिलं होतंस का?

शेवंती


पेंडसेनगर, डोंबिवली
३ ऑक्टोबर २०२४

शेवंती,

नाही.

हा शब्द लिहून मी तीन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता उरलेलं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या रविवारी मुकुल जेवायला आला होता. मी त्याला पत्र द्यायला उठले, तेवढ्यात तो बोलता बोलता म्हणाला, "कोळी लोक ओहळाच्या मुखाशी जाळी लावतात ना, आत्या? ते फाइलीत यायला नको. समोरचा वकील तेच धरेल. म्हणेल, ओहळाला धोका रस्त्याचा नाही, ह्यांचाच आहे. आणि उद्या खरंच संरक्षित झालं तर पहिली बंदी जाळ्यांवर येईल."

तुझं दुसरं पान माझ्या हातात होतं. त्यात खुंट होता, जाळं होतं, सात घरं होती. मला फक्त एवढंच दिसलं. फडकं म्हणजे तुम्ही जाळं टाकत नाही ह्याची खूण आहे, हे मला त्या वेळी उलटं दिसलं. वाटलं, हे कुणी वाचलं तर शेवंतीचं मुख बंद करतील. मी ते घडी करून निसर्गवहीत ठेवलं आणि पहिलं पान त्याला दिलं. खाली 'शेवंती' अशी सही होती, पत्र पूर्ण दिसत होतं. तू प्रत्येक पानाखाली सही करतेस. सिस्टरनीच शिकवलं होतं, पानं सुटी झाली तरी कुणाची ते कळावं म्हणून.

त्या पहिल्या पानावरचंही एक वाक्य मी मुकुलला वाचून दाखवताना गाळलं. सिमेंटची गल्ली केली तरी तो येईल, ते. पुढे त्याने स्वतः वाचलं असणारच. तेच वाक्य कुणाच्या तरी कामी आलं की काय, असं मनात येतं आणि मी उठून पाणी पिते.

तू मार्चमध्ये विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा वेळ होता, निकाल लागायचा होता. मी डोळ्याचं ऑपरेशन लिहिलं. ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी होतं, शेवंती.

मुकुलला परवा सगळं सांगितलं. त्याने मोबाइलवर पाहणीचे आकडे उघडले. मग म्हणाला, "आत्या, बिबट्या आहे ना अजून? आमच्या सगळ्या आकड्यांत तो वाढलेला दिसतोय. मी वरच्यांना काय लिहू?" मला वाटलं होतं तो माझ्यावर चिडेल. तो चिडला नाही, हे मला जास्त लागलं. त्याचं खोटं काहीच नव्हतं. तो म्हणाला तसा बिबट्या वाचला. बाकीचं आपोआप वाचतं, एवढंच आम्ही दोघं धरून चाललो.

सोबत वही पाठवते. तुझं दुसरं पान तिच्यातच आहे, जिथे ठेवलं होतं तिथे. ही वही माझी नव्हतीच. अक्षर माझं होतं, बाकी सगळं तुझं.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

सुहासिनी


कोळीवाडा, बाळकुम
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

वही परत पाठवते आहे. रागाने नाही. आमच्या घराला ओल असते, आणि तुझ्याकडे पंचावन्न वर्षं कोरडी राहिली.

मी ती पुष्कळदा वाचली. तुझं अक्षर काय सुरेख होतं गं. प्रत्येक 'ळ' असा काढलेला, की जसं पाण्यात गोटा पडून वलय उठावं. मुठा, मरळ, वाम, दिवड, खंड्या, टाचणी, पाण्यावर फिरणाऱ्या निवळ्या. एकतीस. तुला आठवतं का, बिबळ्या त्यात नाही. त्या दिवशी आपण संध्याकाळपर्यंत होतो, आणि तो कुणाला दिसला नाही. तेव्हाही वर कुठेतरी असणारच. पण कुणाला त्याची आठवणही झाली नाही. आपल्याला वेळच नव्हता.

पेन्सिल घेऊन बसले होते, जे गेलं त्याच्यावर रेघ मारायची म्हणून. सिस्टर मारायच्या तशी. एकही मारता आली नाही. रेघ मारायची तर ते गेलं हे कुणीतरी बघायला पाहिजे. तो दगडाला चिकटणारा मासा, त्याचा शेवटचा कधी गेला? पाइपात गेला, का गटारात, का दगडाबरोबर ट्रकमध्ये? कुणी बघितलं नाही. त्याच्यापुढे आधीच 'नॉट नोन' लिहिलंय. तेच राहू दे.

दुसऱ्या पानाचं. तू दिलं असतंस तरी काही झालं असतं का, हे मी सगळा हिवाळा मनात फिरवलं. मला वाटतं, काही झालं नसतं. बोटाएवढ्या माशासाठी हॉलमध्ये कोण टाळ्या वाजवणार? पण मग त्यांना ते वाचावं लागलं असतं. वाचून ते नाही म्हणाले असते. आता झालं असं, की मला कुणी नाहीसुद्धा म्हणालं नाही. हे एवढं मात्र तुझ्याकडे आहे, सुहास, आणि ते मी काढून घेऊ शकत नाही. जमतं तर घेतलं असतं.

तू मला वाचवायला गेलीस आणि मुकुल बिबळ्याला. दोघांनी आपापलं वाचवलं. माझ्या जाळ्यावर बंदी आली नाही. मुख अजून माझंच आहे. खुंट उभा आहे, भरती येते, ओहोटी जाते. जाळ्यात प्लास्टिक येतं, आणि कधी एखादी शिंगाळी. परवा सातातल्या तीन घरांनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली. जिताडा बाजारात मिळतो, तळ्यात वाढवलेला, आंध्राचा. त्याला आमचा ओहळ माहीत नाही.

वहीला फडकं गुंडाळलं आहे. काठाची जर उडालीय, पण लाल आहे. आषाढात बांधायला मी ठेवून घेणार होते, मग वाटलं कशासाठी? मागे हटा, इथून लहानगी चालली आहेत, असं ते लोकांना सांगायचं. आता कुणी चालत नाही, आणि मागे हटायलाही कुणी राहिलं नाही. तुझ्याकडे असू दे. दुसरं पान वहीतच ठेव, एकतिसाव्या नावानंतर.

मागे एका पत्रात तू लिहिलं होतंस की पाऊस सुरू झाला की येशील, ओहळ बघायला. येऊ नकोस. माझ्याकडे यायचं तर ये, पण उन्हाळ्यात ये, घरात बसू. पावसात मी तुला मुखाशी नेल्याशिवाय राहणार नाही, आणि मग आपण दोघी तिथे उभ्या राहू.

तुझी,
शेवंती

ता. क. बिबळ्या मादी निघाली. जयेशने काल दाखवलं, त्या सिमेंटच्या वाटेवरून चालली आहे आणि मागे दोन बछडी. उद्या पेपरात येणार म्हणे. मुकुलला आनंद होईल, त्याला सांग. बछडी धट्टीकट्टी आहेत.